पेटीतला गरम फोन

"बंद पेटीतला फोन गरम कसा झाला?" रिंकूने फोन गालाला लावून पाहिला. "अन् डेटाबी संपला!"

सुट्टीत गावातली पोरं मोबाइलपायी वाया जाऊ नयेत म्हणून गावपुढारी भैयाजींनी समाजमंदिरात लोखंडी पेटी ठेवली होती. सकाळी सगळ्यांनी आपापले फोन लॉक काढून त्यात टाकायचे, संध्याकाळी परत न्यायचे. किल्ली भैयाजींच्या कमरेला.

रिंकूचे बाबा रायपूरला बांधकामावर होते. दिवस मावळला की फोनवर त्यांचा सिमेंटने माखलेला चेहरा दिसायचा. आज दिसला नाही.

"मागच्या खिडकीतून काढलास ना? चोरटी!" भैयाजी उलट तिच्यावरच गरजले. "उद्या सभेत तुझाबी फोन फोडतो!"

ती नुसती धमकी नव्हती. अशाच आळावरून त्यांनी कालच मोनूचा फोन पाट्यावर ठेवून वरवंट्याने ठेचला होता. मोनू हुंदके देत होता, मोठी माणसं खदखदा हसत होती, वर त्याचा व्हिडिओ काढत होती!

तलावाच्या पाळीवर रिंकू, मोनू, हिमांशू आणि गुड्डू अशी चौघं जमली. हिमांशू म्हणाला, "लॉक कायले काढायला सांगतेत? पेटी काय फोन पाहते?"

"भैयाजीच पाहून राहिले!" रिंकू ओरडली. "पण आपलं ऐकते कोण?"

"ऐकवायचं कायले? खाजवू ना!" गुड्डू हसला. ते हसू काही बरं नव्हतं.

जंगलाच्या कडेला खाजकुहिलीच्या शेंगा वाळल्या होत्या. दिसायला मखमल, पण तिची लव अंगाला लागली की माणूस स्वतःचं कातडं ओरबाडतो! गुड्डूने सागाच्या पानात धरून शेंग आणली. सकाळी रिंकूच्या फोनवर ती लव झटकली आणि पिशवीतूनच फोन पेटीत सरकवला.

दुपारी सभा भरली. 'सुट्टीतला मोबाइल : मुलांची मतं!' मतं अर्थात भैयाजींनीच पाठ करून घेतली होती.

"मोबाइल माझा शत्रू आहे," हिमांशू पोपटासारखा बोलला.

"शाब्बास!" म्हणत भैयाजींनी मान खाजवली. मग गाल. मग दोन्ही कान! बघता बघता ते मंचावर थयथय नाचू लागले. "मेलो रे! पाणी आणा!"

"पाणी नको!" गुड्डू पुढे झाला. "खाजकुहिली फक्त रिंकूच्या फोनले लावली होती. तुम्ही हात नाही लावला तर खाज आली कुठून?"

सगळ्यांच्या नजरा भैयाजींकडे वळल्या.

"माझा डेटा संपला होता रे... थोडेसे रील्स..." भैयाजी कण्हले.

सगळ्यांत वयस्क रुख्माबाई शेणाची पाटी घेऊन आल्या. खाजेवरचा त्यांच्या लहानपणापासूनचा उतारा! भैयाजींच्या तोंडावर त्यांनी तो सावकाश, मनापासून थापला. पोरं टाळ्या पिटत होती.

"आता तू बोल गं रिंकू," रुख्माबाई म्हणाल्या. "तुझं खरं मत."

"मले मोबाइल बाबा दिसतीन तेवढाच पायजे," रिंकू म्हणाली. "पण मोनू रडून राहिला होता, तेव्हा सगळ्यांत जास्त मोबाइल कोण पाहत होतं?"

मोठ्यांच्या माना खाली गेल्या. मोनूने मात्र मंचावर पडलेला भैयाजींचा फोन उचलून त्याच पाट्यावर ठेवला.

"नको रे! माझ्या नातीचे फोटो आहेत त्याच्यात!"

"माझ्यातबी होते. आजीचे," मोनू म्हणाला आणि वरवंटा हाणला.

कोणी त्याला अडवलं नाही. या खेपेला कोणी हसलंही नाही.

"हुशार आहा रे पोरांनो," रुख्माबाई हात धूत म्हणाल्या. "शाबास! मोठ्यांपासून फार लवकर शिकले."

संध्याकाळी पुसून स्वच्छ केलेल्या फोनवर बाबा दिसले. "काय केलं गं आज?"

"काही नाही," रिंकू म्हणाली. "सुट्टीच आहे ना."