सदतीस अंश

तो दुकानात शिरला तेव्हा कॉम्प्युटर त्याच्या कडेवर होता. हो, कडेवरच! टॉवेलात गुंडाळलेला, पाठीवर एक हात धरलेला. आणि चेहरा असा, की पोराला महिनाभर ताप आहे आणि गावातले सगळे डॉक्टर हरलेत.

"मास्तर आहेत?"

"नाहीत. डोळ्यांचं ऑपरेशन आहे आज त्यांचं," काउंटरमागून ती म्हणाली. "मी आहे."

"तुम्ही...?"

"मास्तरांची मुलगी. चालेल? की पेशंटला मोठ्या डॉक्टरांनाच दाखवायचंय?"

तो ओशाळला. पेटी त्याने इतक्या हळू टेबलावर ठेवली, की टेबलालासुद्धा संकोच वाटावा.

आता हे आधी सांगून टाकतो, की त्या दिवशी मास्तर दुकानात असते तर ही गोष्ट घडलीच नसती. मास्तर म्हणजे साधा माणूस नव्हे. त्या भागात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा कुणीही घ्या, तो त्यांच्या हाताखालून गेलेला. नुसत्या पंख्याच्या आवाजावरून ते मशीनचं वय सांगायचे, आणि चालवणाऱ्याचा स्वभावही. एकदा म्हणे त्यांनी फोनवरून खोकून एक बंद पडलेलं मशीन सुरू केलं होतं. हे मी पाहिलेलं नाही, पण ज्याने पाहिलं त्यानेही मला शपथेवर सांगितलेलं नाही, म्हणजे खरं असणार.

"होतंय काय?" तिने विचारलं.

"तापतो. वीस मिनिटं चालतो आणि धाडकन बंद."

"किती तापतो?"

"आई त्याच्यावर रुमाल वाळवते."

तो कमीच सांगत होता. शेजारची मांजर गच्चीवरचं ऊन सोडून त्या पेटीवर झोपायला यायची आणि अर्ध्या तासात उठून पाणी शोधत फिरायची.

"आणि तुम्ही एवढं काय करता त्याच्यावर?"

"कार्टून फिल्म. लहान मुलांसाठी. एक कासव रस्ता ओलांडतं... चार मिनिटांची आहे. सगळी चित्रं तयार करायला मशीन तीन दिवस सलग चालावं लागतं. हा वीस मिनिटांत झोपतो. महिना झाला, कासवाचा उजवा पाय हवेतच आहे."

"कासवाला घाई नसते म्हणतात."

"कासवाला नसते हो. मला आहे. या महिन्यात फिल्म पोचली नाही तर हातची नोकरी जाते."

ती हसली. स्क्रू काढायला घेतले आणि तो बघत राहिला. मशीनकडे नव्हे. स्क्रू काढताना ती खालचा ओठ किंचित दातांत धरायची, आणि निघालेला प्रत्येक स्क्रू न बघता एका बशीत टाकायची. टिंग. टिंग. एकही बाहेर पडत नव्हता.

मग तिने प्रोसेसरवरचा कूलर उचलला. आणि टिंग थांबलं.

प्रोसेसर म्हणजे मशीनचं डोकं. ते तापतं. म्हणून त्याच्यावर कूलर बसवतात. धातूचा सपाट तळवा, वर पंखा. डोकं आणि तळवा यांच्यामध्ये मसुराच्या दाण्याएवढी पेस्ट, म्हणजे उष्णता सरळ वर चढते. नव्या कूलरच्या तळव्याला कारखान्यातून एक पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेला असतो, ओरखडे पडू नयेत म्हणून. तो सोलायचा आणि मग कूलर बसवायचा. शिकाऊ पोराला मास्तरांचा पहिला धडा हाच. जो विसरेल त्याला त्या दिवशी घरी पाठवायचे. "तापलेल्या माणसाला गोधडीत गुंडाळून वारा घालतोस काय रे?" असं ओरडून.

पापुद्रा तिथेच होता. जसाच्या तसा.

आणि पेटीच्या आतल्या बाजूला, सहा महिन्यांपूर्वीच्या तारखेखाली, मास्तरांची सही.

मोतीबिंदू. पारदर्शक पापुद्रा त्यांना दिसला नव्हता. या वर्षात दिसेनासं होत चाललेलं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि तिला कळूनही तिने विचारलं नव्हतं. हे त्यांनी जोडलेलं शेवटचं मशीन. त्यानंतर पेचकस त्यांनी तिच्या हातात दिला होता.

"काय झालं?" त्याने विचारलं.

तिने पापुद्रा मुठीत घेतला. "हा... ठेवता कुठे?"

"आईच्या कपाटात. खालच्या खणात."

"दार लावून?"

"हो. आई म्हणते धूळ बसते."

"मग तापणार नाही तर काय! हवा कुठून मिळणार त्याला?" ती म्हणाली. म्हणताना त्याच्याकडे बघितलं मात्र नाही.

तिने स्पिरिटने सगळं पुसलं, नवी पेस्ट लावली, कूलर बसवून चारही स्क्रू आळीपाळीने आवळले. मशीन तासभर जोरात पळवून बघितलं. अठ्ठ्याण्णव अंशांवर जाणारं डोकं एकसष्टवर शांत बसलं.

"किती झाले?"

"काही नाही."

"असं कसं?"

"असंच. आणि उद्या फोन करून तापाचा आकडा सांगा. नाही... मीच करीन."

अपराधी मन आणि प्रेमात पडलेलं मन बाहेरून बघणाऱ्याला सारखंच दिसतं. नजर चुकवतं, नको तेवढी चौकशी करतं, दिलेलं घेत नाही. भले भले फसतात. तो तर कासवं काढणारा माणूस. टॉवेल खांद्यावर टाकून शीळ घालत घरी गेला आणि त्याच संध्याकाळी आईच्या कपाटाचं दार बिजागरीसकट उचकटून काढलं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"आज किती?"

"एकसष्ट. आणि तुमचा?"

"माझा काय?"

"तुमचा ताप. आवाज गरम वाटतोय."

"दुकानात गर्दी आहे. ठेवते."

तिने ठेवला नाही. खरं सांगायचं तर तिला भीती होती, की सहा महिने भाजलेला तो प्रोसेसर कुठल्याही क्षणी दगा देईल. म्हणून रोजचा फोन. त्याची फिल्म पुरी झाली, कासव रस्ता ओलांडून गेलं, नोकरी राहिली. फोन मात्र चालू राहिला. आठवड्याने अहो-जाहो गळून पडलं. महिन्याने आकडा विचारायचं दोघंही विसरू लागले आणि फोन ठेवताना आठवण झाली की हसू लागले.

"अगं, आकडा राहिला!"

"राहू दे. उद्या सांग."

मध्येच एकदा तो दुकानात आला. मास्तर नव्या चष्म्यासह आपल्या खुर्चीवर होते. "मास्तर, तुमच्या मुलीच्या हातात जादू आहे!" तो म्हणाला. "अठ्ठ्याण्णववरून एकसष्ट! नुसती धूळ पुसून आणि कपाटाचं दार काढून!"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वा," म्हणाले, आणि पेपर वाचू लागले.

तीन महिने झाले. एका दुपारी ती त्याच्या खोलीत पंख्यावरची धूळ ब्रशने झटकत होती. तो टॉर्च धरून उभा.

"नीट धर."

"धरलाय की."

"माझ्या तोंडावर नको, पंख्यावर धर."

"पंखा मी रोज बघतो."

तिने ब्रशच्या दांड्याने त्याच्या मनगटावर टपली मारली. टॉर्च हलला, पण हटला नाही.

"एक बोलू?" तो म्हणाला. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"काय?"

"तू माझ्याकडे बघत नव्हतीस. पैसे घेतले नाहीस. वर स्वतः फोन करते म्हणालीस... परक्या माणसासाठी एवढं कोण करतं? मी बावळट आहे, पण इतका नाही. तेव्हाच ठरवलं, की एक दिवस तुला विचारायचं. तर... विचारतोय."

तिने नुसतं हो म्हटलं असतं, तर गोष्ट इथेच संपली असती, आणि गोड संपली असती. हो तिच्या ओठांवर आलंही होतं. पण तो ज्या दिवसाची आठवण काढून इतका सुखावला होता, तो दिवस मुळात तसा नव्हताच. खोट्या पायावर ती साधा पंखासुद्धा बसवत नसे.

तिने ब्रश खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. पापुद्रा, सही, मूठ.

त्याने टॉर्च खाली घेतला. मग म्हणाला, "आईच्या कपाटाचं दार मी उचकटून काढलं. आठ दिवस बोलली नाही ती माझ्याशी."

तिला हसू फुटणार होतं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून ते विरलं.

"मशीनचं काही नाही गं. चूक कुणाकडूनही होते. पण ते फोन... रोजचे... ती भरपाई होती?"

"आधी होती."

"आणि नंतर?"

तिने आठवून बघितलं. कुठल्या फोनला, कुठल्या दिवशी... "सांगता येत नाही. खरंच नाही सांगता येत."

"म्हणजे बदललं की नाही, हेही माहीत नाही तुला."

त्याने टॉर्च बंद केला. ती बॅग उचलून निघाली. जिन्यात तिच्या लक्षात आलं, की पंखा अर्धाच साफ झालाय.

घरी मास्तर तिची वाट बघत होते. चेहरा बघून म्हणाले, "सांगितलंस वाटतं त्याला."

ती चमकली. "तुम्हाला...?"

"अगं, धूळ झटकली तर पाच-सात अंश उतरतात. कपाटाचं दार काढलं तर धरून चाल, दहा. सदतीस अंश एका दमात उतरवणारी गोष्ट एकच असते. ती मी शंभर पोरांना शिकवली." ते हसले, पण हसू पुरतं झालं नाही. "तू मला जपत होतीस. म्हटलं, जपू दे. या वयात बरं वाटतं. पण माझ्यापायी तू त्या पोराला तीन महिने कपाटाचा दोष लावलास?"

"तुमचं नाव..."

"नाव माझं. चूकही माझी. ती तुला झाकू कशाला दिली मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेचकस खिशात घालून एकटेच बाहेर पडले. जेवायच्या वेळेला परतले.

"माफी मागितली. नवा प्रोसेसर देऊ केला, नको म्हणाला. त्याच्या आईच्या कपाटाला दार बसवून दिलं. बाई चांगल्या आहेत, बिजागरी मात्र फारच वाईट." हात धुताना म्हणाले, "आता त्या घराचं आपण काही देणं लागत नाही. तुला फोन करायचं कारणही उरलं नाही."

तिने फोन केला नाही. एक दिवस, दोन दिवस. अपराधाचं ओझं उतरलं होतं आणि खांदे मोकळे झाले होते. पण मोकळ्या खांद्यांनी जायचं कुठे, ते काही कळेना. दुपारी नेहमीच्या वेळी हात आपोआप फोनकडे जाई आणि ती तो मागे घेई. त्याला नव्हे, स्वतःलाच विचारत होती ती. आता काही देणं नाही, तरी हात का जातो?

चौथ्या दिवशी भर दुपारी तिने दुकान मास्तरांवर सोपवलं आणि निघाली. मास्तरांनी कुठे म्हणून विचारलं नाही. पेपर उलटा धरला होता त्यांनी, पण डोळे आता चांगले होते.

दार त्यानेच उघडलं. आधी तिच्या हातांकडे बघितलं.

"बॅग?"

"नाही आणली."

"मशीन ठीक आहे."

"असणारच. मी त्याच्यासाठी आलेच नाही."

"तुझे बाबा सगळं मिटवून गेले. काही देणं राहिलं नाही म्हणाले."

"म्हणून तर थांबले तीन दिवस. देणं नसताना यावंसं वाटतं का, ते बघायचं होतं मला."

"आणि?"

"पहिल्या दिवशी दुपारपर्यंत बरं वाटलं. मग..." ती थांबली. "काल एका गिऱ्हाइकाचा प्रिंटर मी दोनदा दुरुस्त केला. तो घ्यायला आला तेव्हा कळलं, बिघडलेला नव्हताच. त्याला फक्त कागद विकत घ्यायचे होते, प्रिंटर मापाला आणला होता."

त्याच्या ओठांचा कोपरा हलला.

"कधी बदललं ते अजूनही सांगता येत नाही," ती म्हणाली. "पण बदललंय. तू विचारलं होतंस ना त्या दिवशी... त्याचं उत्तर हो आहे. पैसे न घेता, कुणाची चूक न भरता, माझं माझं हो."

तो नुसता दारातून बाजूला झाला, आणि ती आत गेल्यावर हळूच म्हणाला, "मी आईला सांगितलं होतं, तू आता यायची नाहीस."

"मग? काय म्हणाल्या?"

"बरं म्हणाली. आणि चहाला तीन कप काढले." त्याने आवाज आणखी खाली आणला. "रोज काढतेय. तीन दिवस झाले, तिसरा मीच पितोय. आज तुझा तू पी."