कोपऱ्यातला होल

"काका, बाकी सगळ्या होलांची जागा तुम्ही रोज बदलता. मग शेवटच्या हिरवळीवरचा नेहमी कोपऱ्यातच का?"

तिने विचारलं बाई एकदाचं. मैत्रिणींनी पैजच लावली होती. त्या कुंपणापाशी तोंड दाबून हसत होत्या. गोल्फच्या मैदानावरचे म्हातारे माळीकाका कुणाशी चकार शब्द बोलत नसत.

काकांनी गवत कापायचं यंत्र बंद केलं. "तोही बदलतो. रोज सकाळी बुजवतो, नवा मधोमध पाडतो. दुपारपर्यंत तो परत कोपऱ्यात."

"काहीतरीच हं, काका."

"त्यात चेंडू पडला तर हात घालू नकोस. याने काढ." त्यांनी काठीच्या टोकाची रबरी वाटी दाखवली. काठी धरलेला हात दगडासारखा स्थिर होता.

तिला हेवा वाटला. सरावात तिचे दहातले नऊ चेंडू आत जात, पण कुणी बघायला लागलं की हात लटलट कापायचे. आणि शनिवारी निवड स्पर्धा होती. जिंकली तर दोन वर्षं मोठ्या शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात. मनातल्या मनात तिने तिथली खिडकीजवळची कॉटसुद्धा अडवून ठेवली होती.

शनिवारी दुपारी सगळं एका फटक्यावर आलं. शेवटची हिरवळ. सकाळी झेंडा मधोमध होता, तिने डोळ्यांनी पाहिला होता. आता तो कोपऱ्यात होता. बाकी कुणाच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

श्वास सोडायचा. नजर चेंडूवर. आवाज येईपर्यंत मान वर करायची नाही.

हात कापत होते. तिने फटका मारला.

टक.

टाळ्या. ती धावत सुटली, गुडघ्यांवर बसली आणि आनंदाच्या भरात हात आत घातला.

होल वीतभर खोल असतो. तिचा हात कोपरापर्यंत गेला. आत गार होतं.

कुणीतरी तिचा हात हातात घेतला. अलगद, तापातल्या पोराचा घ्यावा तसा.

थरथर थांबली.

मग तळव्यावर चेंडू ठेवला गेला.

माळीकाका मागे उभे होते. "मीही निवडला गेलो होतो," ते हळूच म्हणाले. "तुझ्याएवढा असताना."

घरी परतताना बाबा गाडीत शीळ घालत होते. आई बॅगेत काय काय भरायचं ते बोटांवर मोजत होती. तिने मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. गाडी खड्ड्यातून गेली, तरी ते हलले नाहीत.

"आई, बाबा, मी केंद्रात जाणार नाही. इथेच, मैदानावर राहणार," ती शांतपणे म्हणाली. "माळीकाका आता थकलेत."