स्टँडमधली नळी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात पदरचं काहीही घातलेलं नाही. जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी मावसबहीण आहे, आम्ही तिला ताई म्हणतो. आणि हे घडलं भरदिवसा, एका शनिवारी दुपारी दोन वाजता.

ताई प्रसूती रुग्णालयाच्या लॅबमध्ये कामाला आहे. तिथे एक अभ्यास चालू होता. गरोदर बायकांचं रक्त नळीत भरून उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये गोठवायचं. वारेतून, म्हणजे प्लासेंटातून, रक्तात येणारी प्रथिनं बघून, पुढे कोणाचं बीपी वाढणार हे आधीच कळतं का, ते शोधायचं. नळीवर नाव नाही, फक्त नंबर. आणि शेवटची बाई बाळंत होईपर्यंत एकही नळी तपासायची नाही.

एका सकाळी ताईने फ्रीझरची खोली उघडली...

टेबलावरच्या स्टँडमध्ये एक नळी होती. नंबर सत्त्याऐंशी. पार विरघळलेली.

आपणच धांदरट, असं म्हणत ताईने नियमाप्रमाणे ती टाकून दिली.

नऊ दिवसांनी अभ्यासाच्या वहीत नोंद झाली: सत्त्याऐंशी नंबरच्या बाईला बीपी वाढून झटके आले. बाळ वाचलं. ती गेली.

तेव्हाही ताईच्या डोक्यात काही आलं नाही.

मग तो शनिवार. ताई डबा खाऊन आली. खोलीला कुलूप होतं, किल्ली तिच्याच खिशात. तिने दार उघडलं...

स्टँडमध्ये नळी.

दोनशे चौदा.

हा नंबर ताईने स्वतःच्या हाताने चिकटवला होता. तो तिच्या वहिनीचा होता. वहिनीला सातवा संपत आला होता.

ताईने फ्रीझरच्या तापमानाचा आलेख बघितला. दार उघडलं की रेघ वर चढते.

रेघ सकाळपासून सरळ होती...

तिने अभ्यासाच्या प्रमुख मॅडमना फोन लावला.

"टाकून दे ती," मॅडम म्हणाल्या. "आपल्या माणसासाठी नियम वाकवलास, की अभ्यास संपला."

ताईने नळी मशीनवर लावली.

निकाल बघून तिने घरी फोन केला. वहिनी मजेत होती. जरा डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, झोप झाली नसेल, म्हणाली.

"झोप गेली खड्ड्यात. आहेस तशी गाडीत बस."

बीपी एकशे ऐंशीच्या वर होतं. संध्याकाळी सिझेरियन झालं. मायलेकी दोघी वाचल्या.

घरच्यांनी ताईला डोक्यावर घेतलं. तिला मात्र एकच गोष्ट खात होती. सत्त्याऐंशी नंबरचीही कोणीतरी नणंद असेल.

तिने मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्यांनी किल्ली काढून एका नवीन मुलीकडे दिली. ताईचं टेबल आता त्या खोलीच्या भिंतीला लागून आहे.

गेल्या आठवड्यात, भर कामात, बंद खोलीतून आवाज आला...

टक्.

नळी स्टँडमध्ये ठेवल्यावर येतो तो. ताईने हजारदा ऐकलेला.

नवीन मुलगी समोरच चहा पीत होती. ताईने तिला खोली उघडायला विनवलं. तिने सावकाश चहा संपवला, एकटीच आत गेली आणि दोन मिनिटांत बाहेर आली.

"माझ्याकडूनच एक नळी बाहेर राहिली होती. टाकली जंतुनाशकात."

"नंबर काय होता?"

"तो कशाला बघू?"

लेबल विरघळून गेलं होतं. कोणती नळी कमी झाली ते फ्रीझरमध्ये मोजून कळेल, पण किल्ली त्या मुलीकडे आणि कुठला नंबर कोणाचा ती यादी मॅडमकडे आहे, आणि मॅडम आता ताईचं काही ऐकून घेत नाहीत.

अजून एकशे चाळीस जणी बाळंत व्हायच्या आहेत. तपासणीच्या दिवशी ताई बाकांवर बसलेल्या बायकांपुढून फिरते आणि एकेकीला विचारते, बरं वाटतंय ना?

सगळ्या हसून हो म्हणतात.