मारुतीच्या छातीपर्यंत

"आज पाणी दुतोंड्या मारुतीच्या पावलांवर चढणार नाही!" लॅपटॉपमधून मान वर न काढता अथर्वने जाहीर केलं.

"शाब्बास रे पठ्ठे!" आजोबा, म्हणजे नाना, खूश झाले आणि घाटावरच्या भाजीवाल्यांना तसं सांगूनही आले.

संपदाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गोदावरी फुगली की पाणी किती चढलं हे कळायला अख्खी पंचवटी पात्रातल्या त्या उंच मारुतीकडे बघते. 'पाणी कुठवर गं?' हे नाना दरवर्षी तिलाच विचारायचे आणि ती धावत जाऊन बघून यायची. यंदा गणपतीच्या सुट्टीत पुण्याहून हा चुलतभाऊ आला आणि तिला कुणी विचारेनासंच झालं! त्याने नातेवाइकांच्या गच्च्यांवर पर्जन्यमापक बसवले होते. पाऊस किती, धरणातून सोडलेलं पाणी किती, नाले किती आणतील, याचा हिशेब करून त्याचं मॉडेल पाणी चढायच्या आधीच सांगायचं. वर ते बरोबरही यायचं, हे तर फारच वाईट!

इतक्यात सखुबाई मेथीची पाटी घेऊन दारात आल्या. अंगावरून पाणी निथळत होतं. "मखमलाबादला लय पाऊस हाय! रातच्यापास्नं थांबलाच नाय."

संपदाने हळूच स्क्रीनवर नजर टाकली. मखमलाबाद, पाऊस शून्य! म्हणजे तिथल्या नाल्याचं पाणी हिशेबात धरलेलंच नव्हतं! तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चुकले हुशारचंद! सांगायचंच नाही. होऊ दे फजिती!

"चला, घाटावर बसते," सखुबाई म्हणाल्या. "नाना बोलले, आज भ्या नाय."

संपदा दचकली. फजिती अथर्वची होईल, पण पाण्यात सापडतील सखुबाई!

"अथर्व, ऊठ! तुझा मखमलाबादचा शून्य खोटा आहे. सायकल काढ!"

मखमलाबादला जीवनकाकांच्या गच्चीवर पोचली आणि दोघं बघतच राहिली. पर्जन्यमापकावर घमेलं पालथं घालून सुतळीने घट्ट बांधलेलं!

"अरे, एवढं महागाचं यंत्र पावसात भिजत होतं," काका अभिमानाने म्हणाले. "काल संध्याकाळीच झाकलं!"

अथर्व रडवेला झाला. "रात्रभराचा पाऊस गेला! आता आकडा कुठून आणू?"

संपदाला क्षणभर गोड वाटलं. मग तिला कोपऱ्यातला उघडा, पावसाचं पाणी साचलेला डबा दिसला. काकूने काल संध्याकाळी घासून ठेवला होता आणि उचलायला विसरली होती.

"अथर्व, याचं तोंड आणि बूड सारखंच रुंद आहे. पट्टी बुडव की!"

अकरा सेंटिमीटर! अथर्वने फोनवर आकडा भरला आणि तो किंचाळला, "छाती! दुपारीच मारुतीच्या छातीपर्यंत!"

त्याने नानांना फोन लावला. नाना उखडले. "सकाळी पावलं, आता छाती? पोरखेळ आहे का?"

संपदाने फोन ओढून घेतला. "नाना, डब्यातलं पाणी मी डोळ्यांनी बघितलंय!"

"तू बघितलंस? मग घाटावरून उठवतो सगळ्यांना!"

दुपारी घाट पाण्याखाली गेला, पण तिथे एक जुडीसुद्धा उरली नव्हती. वरच्या गल्लीत सखुबाईंनी दोघांवरून हात ओवाळून बोटं मोडली. "तुमच्यामुळं वाचलो रं लेकरांनो!"

"दोघंही खरे वाघ!" नाना म्हणाले. "पण संपदे, पाणी कुठवर गं?"

"माझं मॉडेल नाही पटलं, हिने बघितलं म्हटल्यावर लगेच पटलं!" अथर्व पुटपुटला. त्याचं तोंड चांगलंच आंबट झालं होतं.

ती चव संपदाच्या ओळखीची होती. तिने त्याचा हात धरला. "चल, आज तू बघून सांग."

पायऱ्यांच्या वरच्या टोकावरून अथर्व पहिल्यांदाच ओरडला, "नाना, छातीपर्यंत!"