पळसाखालची म्हातारी

“माझी बहीण मावशीच्या घरी भांडे घासायला जाणार न्हाई, सांगून ठेवतो.”

सुरजनं दीक्षाच्या कपड्यांची पिशवी ओढली. तिचा दुसरा बंद त्याच्या मायच्या, भागूबाईच्या मुठीत होता. ती काही सोडंना.

“मंग शाळेत कोणापाशी बसल ती?” भागूबाई म्हणली. “आपण भूत-बित मानत न्हाई. पण गाव मानतंय ना. लेकरं तिच्यापासून सरकून बसून राहिलेत. काल तिला पाहून एकीनं दार लावून घेतलं. राहू दे जवळा बाजारला, मावशीपाशी. शाळेचं पुढं पाहू.”

पुढं पाहू म्हणजे काय ते सुरजला ठाऊक होतं. त्यानं सोताच नववीत एका सरासोबत भांडून दप्तर फेकलं होतं, तेव्हाही घरात असंच म्हणले होते, पुढं पाहू. ते पुढचं काही आलं न्हाई.

दीक्षा उंबऱ्यावर बसली होती. सहावीतली पोरगी. तिनं एवढंच केलं होतं की शाळेच्या कॅमेऱ्यानं एका झाडाचा फोटू काढला होता. अन् त्या फोटूत मेलेली बाई निघाली.

शेवटी मावशी तिला घेऊन निघालीच. गाडीत चढता चढता दीक्षा वळली.

“दादा, फोटू काढल्यावर मी कॅमेऱ्यात पाहिला होता. म्हातारी नव्हती त्याच्यात. कोणी ऐकूनच घेईना.”

गाडी गेली. सुरज फुफाट्यात उभा राहिला. मंग तसाच शाळेकडं निघाला.

शाळा अर्धी रिकामी होती. जी लेकरं आली होती, ती भिंतीला चिकटून बसली होती. खिडकीकडच्या बाजूला कोणी बसंना, कारण खिडकीतून तो पळस दिसायचा. शाळेच्या मागं नर्मदाबाईचं वावर, अन् दोन वावरांमधल्या बांधावर, धुऱ्यावर, तो एकटा पळस. पावसाळ्यात त्याच झाडाखाली नर्मदाबाईला साप डसला. आणेपर्यंत काळीनिळी पडली होती. तेव्हापासून सांजच्याला तिकडून कोणी जनावरंसुद्धा आणत न्हाई.

संतराम गुरुजी संगणकाच्या खोलीत डोकं धरून बसले होते. हिंगोलीच्या ट्रेनिंगहून त्यांनी मोठ्या हौसेनं तो डिजिटल कॅमेरा आणला होता. दर सोमवारी एका लेकराची पाळी. त्यानं शाळेच्या ओट्यावर उभं राहायचं अन् त्याच पळसाचा फोटू काढायचा. मंग सगळ्यांनी संगणकावर पाहायचं, पानं किती गळाली, कोणतं पाखरू आलं, मागच्या वेळेपरीस काय बदललं. लेकरं एवढी नादावली होती की सोमवारी कोणी घरी राहत नव्हतं.

“दाखवा तो फोटू,” सुरज म्हणला.

“कशाला रे बाबा?”

“माझ्या बहिणीला गाव सोडावं लागलं त्याच्यापायी. मला पाहू द्या.”

गुरुजींनी दाखवला. सुरजच्या अंगावर काटा आला, ते काही खोटं न्हाई. पळसाच्या बुडाशी नर्मदाबाई उभी होती. डोक्यावर पदर, हातात काठी. डावा डोळा मिटलेला अन् उजवा सरळ सुरजवर रोखलेला. पुढं कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या, पायाखाली गवताचा जाड धुरा, बाजूला चुना लावलेला दगड. खोलीत संगणकाचा पंखा घुरघुरत होता. म्हातारी दम टाकते तसा.

त्यानं मान झटकली.

“बाकीच्या फोटूवर कोपऱ्यात तारीख येते म्हणून राहिली होती दीक्षा. हिच्यावर कुठं आहे?”

“न्हाई खरी. लोक म्हणतात, भुताला तारीख नसती.”

“कॅमेरा कुठं आहे?”

गुरुजींनी कपाटातून काढला. दर सोमवारी जुना फोटू पुसूनच नवा काढायचे, अन् त्या सोमवारपासून त्याला कोणी हातही लावला नव्हता. सुरजनं बटण दाबलं. बारक्या काचेवर पळस उगवला. कोपऱ्यात भगवी तारीख. झाडाखाली कोणीच न्हाई, नुसती नांगरलेली काळी माती.

“फोटू संगणकात कधी टाकला?”

“मधल्या सुट्टीच्या आधी.”

“अन् लेकराइला दाखवला कधी?”

“खिचडी झाल्यावर.”

“मधात इथं कोण होतं?”

“कोणी न्हाई. नुसता हरीश आला होता. अमृतरावाचा पुतण्या. मशीन अडकून राहिली होती, त्यानं व्हायरस काढून दिला. बिचारा फुकट करतो. पण व्हायरसनं आधीचे सगळे सोमवार खाऊन टाकले होते. एक फोटू राहिला न्हाई.” गुरुजींनी माऊस बाजूला सारला. “आता शाळा समितीत ठरलंय, कॅमेरा बंद. अमृतरावांनीच सांभाळून घेतलं, न्हाईतर लोक शाळेला कुलूप लावून राहिले होते.”

अमृतराव म्हणजे गावचा समजूतदार माणूस. नर्मदाबाईच्या वावराला लागून त्याचं वावर. त्या दिवशी लोक खवळले, तेव्हा तोच मधात पडला होता. लेकराइचा काही दोष न्हाई म्हणला. म्हातारीचा जीव त्या झाडात गुतलाय, झाड तोडून टाकू, म्हातारी मोकळी होईल. मजूर मी लावतो, नारळही माझ्याकडून. सगळ्यायनं माना हलवल्या. आज दुपारी झाड पडणार होतं.

सुरज तिथून निघाला तो नर्मदाबाईच्या घरी. तिची सून रूपाबाई दारात ज्वारी पाखडत होती. नवरा पुण्याला, ही एकटी वावर पाहायची. फोटूचं ऐकल्यापासून तिनं वावरात पाय टाकला नव्हता. सासू आपल्यावर रागवलीय, आपल्याच्यानं तिची जमीन सांभाळवली न्हाई, असं म्हणून ती डोळे पुसू लागली.

“काहून सांभाळवली न्हाई, काकू?”

“धुरा सरकल्यावाणी वाटत होता मला. अमृतबापू म्हणले, पाण्यानं वाहिला, तुला भास होऊन राहिलाय. चारचौघं हसले. मंग मी गप बसले.”

घरात भिंतीवर नर्मदाबाईचा हार घातलेला फोटू होता. नुसतं तोंड. माघं दुकानवाल्यानं डकवलेलं निळं तळं अन् दोन हंस. सुरज जवळ गेला. पाहता पाहता त्याच्या मानेवर गार वारा आल्यासारखं झालं.

डावा डोळा मिटलेला. उजवा सरळ त्याच्यावर रोखलेला.

“काकू, ह्याच्यात डोळा काहून असा?”

“उन्हानं मिटला. न्हाईतर डोळे चांगले होते त्यांचे.”

“तळ्याच्या काठी ऊन?”

“तळं कुठलं बाबा. वावरात काढला, मागच्या साली, कापूस येचून झाल्यावर. सासूबाई म्हणल्या, मेल्यावर हार घालायला एक तरी फोटू पाहिजे. साऱ्या जन्मात एकच काढला.”

“कोणी काढला?”

“हरीशनं. जवळा बाजारला त्याचं फोटूचं दुकान न्हाई का.”

सुरज दाराकडं वळला. रूपाबाईला फक्त चला म्हणला.

ते पोचले तेव्हा पळसापाशी माणसं जमली होती. नारळ फुटला होता. कुऱ्हाडीवाला हातावर थुंकून राहिला होता. अमृतराव पांढऱ्या टोपीत बाजूला उभा, त्याच्यामागं हरीश. सुरज सरळ झाड अन् कुऱ्हाडीच्या मधात जाऊन उभा राहिला.

“आधी मला तोडा.”

कोणीतरी म्हणलं, ह्या पोराचं डोकं नेहमीच गरम. अमृतराव मात्र हसला. पोराचा बहिणीवर जीव आहे, म्हणला, समजावून बाजूला घ्या.

“बाजूला होतो, बापू. पण झाड पाडायच्या आधी म्हातारीला सगळ्यायनं एकदा पाहून घ्या. सगळ्यायनी ऐकलं, पाहिलं किती जणांनी?”

सगळे वावरातून शाळेच्या मागच्या खिडकीपाशी आले. गुरुजींनी आतून संगणकाचा पडदा खिडकीकडं फिरवला. माणसं गजाला धरून उभी राहिली. आत म्हातारी, माघं खराखुरा पळस. रूपाबाईनं पदर तोंडात धरला.

“म्हातारीकडं नका पाहू,” सुरज म्हणला. “तीच चूक केली सगळ्यायनं. भूत दिसलं की खाली कोण पाहतंय? तिच्या पुढं काय आहे?”

“पऱ्हाट्या,” कुऱ्हाडीवाला म्हणला.

“अन् आता त्या वावरात काय आहे?”

सगळ्यायनी वळून पाहिलं. हरभरा वाऱ्यावर हलत होता.

“ह्या साली काकूनं कापूस लावलाच न्हाई. मंग सोमवारच्या फोटूत पऱ्हाट्या कुठून आल्या? हा फोटू मागच्या सालचा आहे. म्हातारी जित्ती होती तेव्हाचा. काकूच्या घरी हाराखाली हाच फोटू आहे, नुसतं तोंड कापून. डोळासुद्धा तसाच मिटलेला. शाळेच्या कॅमेऱ्यानं काढला असता तर तारीख आली असती. अन् त्या कॅमेऱ्यात हा फोटूच न्हाई, गुरुजींना इचारा. म्हातारी कॅमेऱ्यात आलीच न्हाई. ती संगणकात टाकली. सोमवारी मधल्या सुट्टीत. व्हायरस काढता काढता.”

हरीशनं घाम पुसला.

“पोरा,” अमृतराव अजूनही मऊ बोलत होता, “शाळा सोडलेला तू. तुला संगणकातलं काय कळतं?”

“कापूस अन् हरभरा वळखायला संगणक लागतो का, बापू?”

एकजण हसला अन् लगेच गप झाला.

“पण हरीशला काय पडलंय लेकराइला भेडवायचं?” गुरुजी म्हणले.

“त्याला न्हाई पडलं. म्हातारीच्या पायाखाली पाहा, गुरुजी. गवताचा धुरा. पळस धुऱ्यावर उभा, हद्दीचा दगड त्याच्या बाजूला. आता हा पाहा.” त्यानं गुरुजींकडून कॅमेरा घेतला अन् बारकी काच पुढं केली. “दीक्षाचा फोटू. तोच पळस नांगरलेल्या वावरात उभा आहे. धुरा अन् दगड पार अलीकडं, काकूच्या हरभऱ्यात. झाड चालत गेलं का? म्हातारी गेल्यावर बापूनं दर नांगरटीला थोडा थोडा धुरा कोरला, दगडही सरकवला. बाईमाणूस बोलली तर भास म्हणले. पण शाळेची लेकरं दर सोमवारी त्याच जागी उभं राहून तेच झाड टिपून राहिली होती. काय बदललं ते पाहणं, हाच त्यांचा धडा. एक ना एक लेकरू बोललंच असतं. म्हणून आधीचे सोमवार पुसले, म्हणून कॅमेरा बंद, म्हणून म्हातारी उठवली. राहता राहिला पळस. तो पडला की जुना धुरा कुठं होता, सांगायला कोण उरतं?”

“अन् ज्या म्हातारीला साक्ष पुसायला आणलं, तीच साक्षीला उभी राहिली,” गुरुजी हळूच म्हणले.

अमृतराव तोंड उघडणार, तेवढ्यात हरीश बोलला. “काका, मी म्हणलो होतो, नुसतं तोंड टाकतो. तुमीच म्हणले, झाडासकट टाक, भेतील.”

माणसं अमृतरावापासून सरकली. जशी लेकरं दीक्षापासून सरकली होती तशीच. सुरजची मूठ वळली होती. हरीश दोन हातावर होता. पण रूपाबाई मधून चालत खिडकीपाशी गेली, अन् गजातून हात घालून तिनं पडद्यावरच्या सासूच्या पायाला बोटं लावली.

“हरीशनं टाकला म्हणू दे कोणी,” ती म्हणली. “पण आल्या त्याच.”

वारा सुटला अन् पळसाची पानं खडखडली. कुऱ्हाडीवाल्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

गुरुजींनी सुरजच्या खांद्यावर हात ठेवला. तलाठ्याला बोलावून घेतो म्हणले, पोलीस पाटलाला पण. तू थांब, तुलाच सगळं सांगायला लागल.

“तुमी सांगा, गुरुजी. फोटू हाय तुमच्यापाशी,” सुरज म्हणला. त्याची नजर फाट्याकडं लागली होती, तिथं धुराळा उठला होता. “मला आता जायला पाहिजे. जवळा बाजारची गाडी येऊन राहिली, अन् दीक्षा तिथं…”

पुढचं कोणाला ऐकू आलं न्हाई. तो पळत सुटला होता.