शेवटच्या भूतारका

सुनंदा तेरेदेसाईने संवर्धनकक्षाची काच पुसली आणि ती ओरडलीच, "सर, उमलली!"

काचेआड, कुजक्या पानांवर, तपकिरी गोळा उकलून त्याची चांदणी झाली होती. भूतारका. ही बुरशी जगात एकाच ठिकाणी उरली होती, सुनंदाच्या गावच्या देवराईत. जनुकवाचक यंत्राने तिची जात वेगळी असल्याचं सिद्ध केलं, तेव्हापासून राईखालून जाणारा खाणीचा बोगदा अडला होता. अंतिम अधिवास कायदा सांगत होता, एखादी जात फक्त एकाच रानात उरली, तर त्या रानाला हात लावायचा नाही.

तिने मोठ्या हौसेने यशाची नोंद केली. आठवड्याभरात आदेश आला.

"ती आता आपल्याकडेही जगते," प्राध्यापक मुकादम आदेश वाचता वाचता खाली बसले. "म्हणजे राई तिची एकमेव जागा राहिली नाही. संरक्षण रद्द."

"पण ही तिथल्याच मातीतल्या एका तंतुजालाची, एकाच बुरशीच्या मुळांची म्हणा, कलमं आहेत, सर! दुसऱ्या गटाच्या तंतुजालाशी जोडी जमल्याशिवाय यांची पुढची पिढी नाही. आणि ते मिळालं तर राईतच मिळेल."

"कायदा पिढी बघत नाही गं. जिवंत आहे का, एवढंच बघतो."

बोगदा सुरू झाला. महिन्याभराने आत्याचा फोन आला. "सुनू, राईतलो झरो आटलो गो. बायलमाणसां टँकराची वाट बघतत. कायतरी कर."

करण्यासारखं एकच होतं. भूतारका पुन्हा एकाच जागी उरायला हवी होती.

मुकादमांनी तिला अडवलं नाही. "माझा हात धजला नसता," एवढंच म्हणाले. सुनंदाने कक्षाचं तापमान वाढवत नेलं. चांदण्या काळवंडल्या, मग त्यांचा कोरडा भुगा उरला.

तिने तशी नोंद केली आणि बोगदा थांबला. तपासणीला आलेल्या अधिकारी बाईंसमोर सुनंदाने जनुकवाचकाची सुई राईच्या मातीत खुपसली. पडदा कोराच राहिला. ती दुसऱ्या झाडाखाली गेली, तिसऱ्या, पार कड्यापर्यंत. बोगद्याने डोंगरातलं पाणी ओढून घेतलं होतं आणि तंतुजाल केव्हाच सुकून मेलं होतं.

"म्हणजे मी कक्ष तापवला," ती पुटपुटली, "तेव्हा जगात तेवढ्याच होत्या."

बाई अवघडल्या. "मॅडम, जातच उरली नाही, तर अधिवास कसला? मला काम सुरू करायला सांगावं लागेल."

सुनंदा गुडघे टेकून आणखी एका झाडाखाली माती उकरू लागली. थोड्या वेळाने डोंगराच्या पोटात यंत्र घरघरलं, आणि तिच्या बोटांखालची माती थरथरू लागली.