पाणी पिणारी भिंत

रिता, हे कोणालाही सांगायचं नाही असं आईनं मला बजावलं आहे. मामांना नाही, मामीला तर मुळीच नाही. पण आज मधल्या सुट्टीत तू विचारलंस, "काहून एवढी गप्प राहून राहिली वो?" आणि मला काहीच बोलता आलं नाही. बोलायला गेलं की माझा घसा बंद होतो, तुला माहीत आहे. म्हणून लिहून देते. वाचून झालं की पान फाडून टाक.

नव्या घराच्या पायरीवर बसून लिहिते आहे. आई आत भात शिजवते आहे. ढग आलेत, पण अजून अक्षर दिसण्याइतका उजेड आहे.

मामांच्या घरामागची आमची टिनाची खोली तू पाहिली आहेस. बाबा कामाला म्हणून हैदराबादला गेले आणि तिकडचेच झाले, तेव्हापासून आम्ही तिथेच होतो. धनीराममामा कधी वाईट बोलले नाहीत. चंद्रकला मामी मात्र भांडी घासता घासता शेजारणीला ऐकवायची, "आमच्या घरी पाव्हणे आले अन् पाच दिवाळ्या झाल्या, जायचं नाव नाही घेत." आई ऐकून घ्यायची. रात्री खडूनं जमिनीवर घर काढून आम्हा बहीणभावाला दाखवायची. इथे चूल, इथे रक्षाचा अभ्यास, इथे गोलूनं झोपायचं.

मग घरकुल मंजूर झालं. गावाच्या शेवटी, बोडीच्या पाळीला लागून जागा मिळाली. दिवाळीपासून होळीपर्यंत आई नदीपलीकडच्या वीटभट्टीवर राहून विटा थापत होती, आणि मजुरीऐवजी तिनं विटाच मागून घेतल्या. ट्रॅक्टर आला तेव्हा ती कोणाला हात लावू देईना. एकेक वीट स्वतः उतरवली. भट्टीवरून आल्यापासून ती झोपेत दचकायची, पण दमली असेल असं मला वाटलं.

एप्रिलमध्ये तुलाराम मिस्त्रींनी भिंती उभ्या केल्या आणि तराईचं काम माझ्याकडे आलं. नवीन भिंतीवर सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाणी मारायचं, नाहीतर सिमेंटला भेगा पडतात. मिस्त्री म्हणाले, "आठ दिवस पाज बाप्पा पोटभर. मंग ते स्वतःच तोंड फिरवते." तसंच झालं. सुरुवातीला भिंती पाणी शोषून घेत. आठव्या-नवव्या दिवसापासून ते वरून ओघळून खाली चिखल करू लागलं.

फक्त मागची भिंत पीत राहिली.

मी पूर्ण बादली मारायची आणि खाली एक थेंब यायचा नाही. पंधरावा दिवस गेला, विसावा गेला. भर दुपारी तिथे कोणी नसायचं. बोडीतलं पाणी आटलेलं, पाळीवरच्या मोहाच्या झाडाचं पानही हलत नसे. अशा शांततेत मला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. पाणी मारलं की आतून घट्, घट्, घट्. मध्ये थोडं थांबून दम घेतल्यासारखं. लहान लेकरू खेळून आल्यावर पितं ना, तसं.

मी मिस्त्रींना विचारलं, एखादी भिंत जास्त पाणी पिते का. ते हसले. वीट कच्ची असेल म्हणाले, आणि भिंतीला हात लावला. लगेच मागे घेतला. "उन्हानं तापली आहे," असं म्हणून ते सावलीत जाऊन बसले. पण मागच्या भिंतीवर ऊन येत नाही, रिता. तिच्यावर दिवसभर मोहाची सावली असते.

मग मी नीट पाहिलं. जमिनीपासून सातव्या थरात एक वीट होती, तिच्यावर पंजा उमटलेला. कच्च्या विटेवर कोणीतरी हात दाबला असावा. पाच बोटं, त्यातलं करंगळीचं जरा वाकडं. माझ्या तळहातात दोनदा मावेल एवढा पंजा. मी त्यावर हात ठेवला. वीट तापल्या तव्यासारखी होती, आणि धानाचा भुसा जळतो तसा वास आला.

त्या दिवशी संध्याकाळी गोलू दिसेना. शोधत गेले तर तो मागच्या भिंतीजवळ उकिडवा बसला होता. शाळेची पाण्याची बाटली त्यानं पंज्यावर लावून धरली होती आणि बाटलीतलं पाणी खाली खाली जात होतं. त्याचा शर्ट कोरडा होता. जमीन कोरडी होती.

"काय करून राहिला?" मी विचारलं.

"ते मांगते," गोलू म्हणाला. "मी एकटाच देतो तिले. तू तं बादली फेकून पळते."

मी त्याला ओढत घरी आणलं.

आईला सांगायला मला दोन दिवस लागले. आधी ती चिडली. आपण बौद्ध आहोत, आपण भूतबित मानत नाही, आणि मिस्त्रीच्या कानावर गेलं तर तो काम सोडून जाईल, मग पाऊस काय छत होईपर्यंत थांबेल का, असं म्हणाली. कोणाला सांगायचं नाही हे तेव्हाच पहिल्यांदा बजावलं. पण मी पंज्याचं सांगितलं तशी तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "करंगळी कशी हाय?" तिनं विचारलं. मी म्हणाले, वाकडी.

आईनं उठून दार लोटलं. मग हळू आवाजात तिनं सांगितलं, माझ्याकडे न पाहता.

भट्टीवर छत्तीसगडकडची एक बाई होती. तिची तीन-चार वर्षांची पोरगी. तिकडे लहान मुलीला नोनी म्हणतात, म्हणून सगळेच तिला नोनी म्हणत. खरं नाव कोणी विचारलं नाही. एक दिवस त्या बाईच्या पोटात दुखू लागलं, तिला भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. जाताना ती आईला म्हणाली, संध्याकाळपर्यंत हिच्यावर लक्ष ठेव. आई ओळीनं विटा थापत होती. नोनी तीनदा येऊन पाणी मागून गेली. तिन्ही वेळा आई म्हणाली, थांब, एवढी ओळ होऊ दे.

रचलेल्या भट्टीत हवेसाठी बोळ ठेवलेले असतात. लेकरं लपाछपी खेळायला त्यात शिरतात. म्हणून पेटवण्याआधी मुनीम प्रत्येक लेकराचं नाव घेऊन हाक मारतो आणि लेकरानं स्वतः हो म्हणायचं असतं. सगळ्यांचं हो आल्याशिवाय आग लावत नाहीत. त्या संध्याकाळी मुनीमानं नोनीला हाक मारली. उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. आईची शेवटची ओळ राहिली होती, अंधार पडत होता. तिला वाटलं, असेल इथेच कुठे. तिनं साच्यावरून मान वर केली नाही.

"मीच हो म्हटलं," आई म्हणाली. "तिच्यासारखा बारीक आवाज काढून..."

पुढे तिनं फार सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याचा खड्डा उपसला, शेत धुंडाळलं, पोलीसही आले. नोनी सापडली नाही. भट्टी मात्र अठरा दिवस जळत राहिली. आणि आपल्या विटा त्याच भट्टीतल्या.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आई मागच्या भिंतीपाशी गेली. मला येऊ नको म्हणाली, पण मी मोहाच्या मागे उभी राहिले. तिनं तांब्याभर पाणी भिंतीवर मारलं नाही. पंज्याच्या खोलगटीत थोडं थोडं ओतलं, लेकराला पाजावं तसं. मग म्हणाली, "नोनी... ये बेटा. मी आता हाक मारून राहिली. बाहेर ये."

काही झालं नाही. कुठेतरी टिटवी ओरडली. आईनं पुन्हा हाक मारली.

तेव्हा भिंतीतून नाही, आईच्या अगदी जवळून, तिच्या गुडघ्याच्या उंचीवरून, कोणीतरी म्हणालं, "हो."

मी पळाले. घरी येईपर्यंत मागे पाहिलं नाही.

त्या रात्रीपासून भिंत पाणी पिईनाशी झाली. सकाळी मी बादली मारली तर सगळं पाणी माझ्या पायावर आलं. वीट थंड होती. मिस्त्रींनी प्लास्टर केलं, पंजा झाकला गेला, पावसाच्या आठ दिवस आधी छत घातलं गेलं. भंतेजी आले, वंदना झाली, मामीनंही हसून खीर खाल्ली. आई इतकी हलकी झाली होती की मला वाटलं, संपलं. आपल्याला घर मिळालं.

नव्या घरातल्या पहिल्याच सकाळी मी चटया गुंडाळायला घेतल्या. आई भिंतीकडे झोपते, मग गोलू, मग मी. गोलू माझ्या अंगावर सरकून आला होता. त्याच्या आणि आईच्या मध्ये हातभर जागा रिकामी होती, आणि तिथली फरशी गरम होती. गोलूला विचारलं तर म्हणाला, ती रात्री आईला घट्ट धरते, मला ढकलते. आता आई जेवायला चार ताटं मांडते. आई त्या ताटाकडे ज्या मायेनं पाहते, त्याच मायेनं ती आमच्याकडे पाहते की नाही हे मी आता लपून पाहत असते.

आणि रोज दिवे लागले की आई दार अर्धं ओढून आमची नावं घेते. "हाका मारल्याबिगर मी आता कधीच कडी लावणार नाही," असं तिनं ठरवलं आहे. आधी नोनीचं नाव, मग गोलूचं, शेवटी माझं. तीन हो आले की कडी लागते.

काल धानाच्या रोवणीवरून आई दमून आली होती. तिनं नावं घेतली. "नोनी." हो आलं. "गोलू." हो आलं. समोरचे दात पडल्यामुळे गोलूचं हो हवेतून सुटल्यासारखं येतं, तसंच आलं. "रक्षा." मी चुलीजवळून हो म्हणाले. आईनं कडी लावली. मी ताटं घेतली आणि दारावर खालच्या बाजूला कोणीतरी थापा मारू लागलं.

"आई, मी बाहेरच हाव," गोलू रडत होता. "मी बोडीवर होतो... मले घे ना."

आई उठली नाही. "आले ना सगळे," एवढंच म्हणाली. कडी मी काढली. गोलू चिखलानं भरलेला, थरथरत उभा होता. आईनं त्याच्याकडे पाहिलं. मग आत कोपऱ्याकडे पाहिलं. मग पुन्हा त्याच्याकडे. यातला आपला कोणता, हे तिला ठरवता येत नसावं.

म्हणून आज मी शाळेतून आल्यापासून गोलूला घराबाहेर पडू दिलं नाही. तो आईच्या पदराला धरून बसला आहे, मला इथून त्याचा पाय दिसतो. मी एकटीच बाहेर आहे, आणि तेही हे पान संपेपर्यंत. उद्या तू मामांना बोलावून आण. नुसतं म्हण, रक्षानं बोलावलं आहे. माझं नाव सांगितलंस तर ते येतील, पण आईसमोर

दार ओढलं गेलं. एवढ्या लवकर ती कधी हाका मारत नाही. "नोनी." आलं हो. "गोलू." हा गोलूच, त्याचे ओठ हललेले मला दिसले. आता माझं नाव घेतलं तिनं. रिता, मी अजून तोंड उघडलेलं नाही, पण आतून हो आलं, घसा बंद झाल्यासारखं, अगदी माझ्याच आवाजात, आणि आईचा हात कडीला